प्रश्न तिसरा, गुण तीस

माझी मुलगी तापानं फणफणली नसती तर मोठी युद्धं का होतात हे मला कधी कळलं नसतं. अर्थात आता कळलं आहे असं म्हणणंही धाडसाचंच.

तिनं कॉलेजात लेखनिक म्हणून नाव नोंदवलं होतं. म्हणजे ज्या परीक्षार्थीला दिसत नाही तो तोंडानं उत्तरं सांगणार आणि आपण ती उतरवून घ्यायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा ताप एकशे तीनवर गेला. ऐन वेळी दुसरं कुणी मिळेना, तेव्हा केंद्रावरच्या बाईंनी मलाच गळ घातली.

"तुम्ही याल का? अट एकच, तुमचा तो विषय झालेला नसावा."

"विषय कोणता?"

"आंतरराष्ट्रीय संबंध."

"मग काळजीच नको," मी म्हटलं. "माझे शेजाऱ्यांशीसुद्धा धड संबंध नाहीत."

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात आहे. साडेनऊ ते साडेपाच कानाला फोन आणि हातात पेन. लोक सांगतात ते जसंच्या तसं लिहायचं, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही, ही बावीस वर्षांची सवय. रस्त्यात पाइप फुटला की एका तासात पंधरा फोन येतात. कुणी म्हणतं पाइप गंजलेला होता, कुणी म्हणतं समोरच्यानं चोरून मोटर लावली, आमचे इंजिनिअर म्हणतात दाब अचानक वाढला. पाइप एक, फुटला एकदाच, आणि कारणं जितकी तोंडं तितकी. मी सगळी लिहून घेते. त्यामुळे या कामाला मी लायक होते असं म्हणायला हरकत नाही.

परीक्षेसाठी आम्हाला शाळेच्या प्रयोगशाळेमागची सामानाची खोली दिली होती. एक टेबल, तीन खुर्च्या, कपाटात धूळ खात पडलेले तराजू, भिंतीवर बेडकाच्या पोटाचा तक्ता. पर्यवेक्षक म्हणून खेळाचे सर होते. गळ्यात शिट्टी होती आणि पोट त्या तक्त्यावरच्या बेडकाला लाजवेल असं. त्यांनी मला नियमांचा कागद दिला. परीक्षार्थी सांगेल तेवढेच लिहावे. काही सुचवू नये. विषयाबद्दल बोलू नये. मी सही केली.

परीक्षार्थी एकसष्ट वर्षांचे निघाले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी. बायको सोडायला आली होती. तिनं दारातच त्यांच्या कॉलरचं बटण लावलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला काकूच म्हणा. मध्ये यांना पाणी द्या. पण विचारू नका हं, नुसता ग्लास हातात द्या. विचारलं की नको म्हणतात."

काकांनी बसल्याबसल्या टेबलाच्या कडा हातानं मोजून घेतल्या. "ताई, दोन गोष्टी आधीच सांगतो. मी लष्करात बिनतारी यंत्रावर होतो, त्यामुळे वाक्य संपलं की 'ओव्हर' म्हणायची खोड आहे. ते लिहू नका. आणि डोळे काही लढाईत गेलेले नाहीत. काचबिंदूनं गेले. लोक उगीच हळवे होतात."

"बरं."

"या पेपरला मी तिसऱ्यांदा बसतोय. बाकीचे सगळे सुटले, हाच एक अडकलाय."

सरांनी शिट्टी न वाजवता नुसतं घड्याळ दाखवलं आणि पेपर सुरू झाला. मी प्रश्न वाचून दाखवले. एकूण चार, सगळे सोडवायचे, जादा वेळ धरून चार तास. तिसरा प्रश्न असा होता: 'मोठी युद्धे का भडकतात याचे विविध सिद्धांतांच्या आधारे स्पष्टीकरण द्या व स्वतःचे मत मांडा. गुण तीस.'

तो ऐकून काका म्हणाले, "तिसरा शेवटी घेऊ."

बाकीचे तीन त्यांनी घडाघडा सांगितले. 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद', 'अधोरेखित करा' असं सगळं मध्येमध्ये सांगत. पहिल्या पानावर मी दोन ठिकाणी 'ओव्हर' लिहून बसले होते, ते खोडलं. माझे हात दुखायला लागले तेव्हा तासभर उरला होता. मी पाण्याचा ग्लास न विचारता त्यांच्या हातात दिला. ते प्यायले आणि म्हणाले, "घ्या. प्रश्न तिसरा."

सुरुवात छान झाली. वास्तववादी मंडळींचं म्हणणं असं, की देशांच्या वर कुणी थोरला नाही. दोन भाऊ भांडले तर बाप कान उपटेल, पण दोन देश भांडले तर कोण? म्हणून प्रत्येकाला आपापली काठी जवळ ठेवावी लागते. एकानं काठी घेतली की दुसऱ्याला वाटतं माझ्यासाठीच घेतली, मग तो दोन घेतो. याला सुरक्षेचा पेच म्हणतात. दोघांपैकी कुणालाच मारामारी नको असली तरी ती होते. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. आमच्या गल्लीतले मोटरवाले असेच.

पुढे सत्तासमतोल आला. मग एक चढता देश आणि एक उतरता देश आले. उतरणाऱ्याला वाटतं, आज लढलो तर जमेल, दहा वर्षांनी जमणार नाही. तेही पटलं. मग काकांनी सांगितलं, 'मात्र यावर आक्षेप असा', आणि जे आत्ताच पटलं होतं ते मोडून काढलं. उदारमतवाद्यांचं म्हणणं आलं, की ज्यांचा एकमेकांशी व्यापार असतो ते लढत नाहीत. पटलं. 'मात्र', काका म्हणाले, आणि भरपूर व्यापार असूनही लढलेल्यांचा दाखला दिला. मग एक सिद्धांत आला, की युद्ध म्हणजे फिसकटलेला सौदा. दोघांनाही माहीत असतं की लढून दोघांचं नुकसान आहे, पण एकजण खरं बोलतोय हे दुसऱ्याला पटवून देण्याची सोय नसते. मग रचनावाद आला. त्याचं म्हणणं, शत्रू हा आधी शाळेच्या पुस्तकात तयार होतो आणि मग सरहद्दीवर दिसतो.

दर परिच्छेदाला मला वाटे, हेच ते. आणि दर पुढच्या परिच्छेदाला माझा बोऱ्या वाजे. नियमाप्रमाणे मला तोंड उघडता येत नव्हतं, नाहीतर विचारलं असतं, की अहो, मग नक्की कोण खरं?

"नवा परिच्छेद," काका म्हणाले. "माझे मत."

मी 'माझे मत' लिहून अधोरेखित केलं. सर वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. मी घड्याळ बघितलं. अठ्ठावीस मिनिटं उरली होती.

मग काका बोलू लागले. आवाज तोच, चाल तीच, प्रत्येक वाक्यानंतर तोच थांबा.

"सकाळचे सहा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. नदीवर धुकं होतं. माझी चौकी काठापासून दोनशे पावलांवर होती. यंत्रावर मी एकटा होतो. पलीकडच्या चौकीकडून सामायिक वाहिनीवर निरोप आला. आमची नाव पात्रात अडकली आहे. आमचे सहा जण दोर आणि बांबू घेऊन उतरत आहेत. हत्यारं नाहीत. गोळीबार करू नये."

मी लिहीत होते.

"आदल्या आठवड्यात असाच एक निरोप मी लगेच वर कळवला होता. तो खोटा निघाला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली होती. पलीकडचा निरोप दोनदा पडताळल्याशिवाय पुढे द्यायचा नाही, असा हुकूम होता. म्हणून मी निरोप पुन्हा मागितला. खरखर फार होती. तिसऱ्यांदा मागितला. मग स्वच्छ अक्षरात लिहून काढला. साहेब चाळीस पावलांवर खंदकात होते. मी निघालो तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. मी दारात असताना पहिली गोळी सुटली. धुक्यात सहा माणसं पाण्यात उभी होती आणि त्यांच्या खांद्यावर लांब काहीतरी होतं. चार गेले. संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी आमचे मित्रदेश युद्धात उतरले, चौथ्या दिवशी त्यांचे. पाच देश. तीन वर्षं."

ते युद्ध झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. खिडक्यांना काळे कागद लावले होते तेवढं आठवतं. आणि मामा आठवतो, आईचा धाकटा भाऊ. मला दोन्ही हातांनी धरून गरगरा फिरवायचा, आई ओरडली की आणखी जोरात. दुसऱ्या वर्षी त्याची बोट बुडाली. आईच्या शिवणयंत्राच्या वर, भिंतीला त्याचा फोटो आहे, अजून.

माझा हात थांबला नाही. तक्रार सांगताना समोरचा रडला, शिव्या घालू लागला, तरी माझा हात चालतो. मला राग यायला हवा होता. तो येत नव्हता, आणि यायला हवा असं सारखं वाटत होतं. पेनाची शाई उगीचच दाट उमटत होती.

काका थांबले. मग एकदम वेगळ्याच, घरगुती आवाजात म्हणाले, "ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"अहो, हे मी तुम्हाला सांगत होतो."

"आवाज तोच होता, काका."

सरांनी कोड्यातून डोकं वर काढलं. "बोलायचं नाही."

"सर, यांनी चुकून..."

"खोडायचं असेल तर खोडा. बोलू नका."

काका म्हणाले, "खोडा ताई."

मी पेन टेकवलं. पान भरून मजकूर होता. पहिल्या ओळीवर रेघ ओढणार तोच ते म्हणाले, "थांबा. दोन वेळा हेच केलंय. दोन्ही वेळा सांगितलं, खोडलं, आणि मग मत मांडायला वेळच उरला नाही. किती राहिलीत?"

"बारा मिनिटं," सर म्हणाले. आता त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं.

"राहू द्या. लिहा. नवा परिच्छेद. वरील उदाहरण घेतल्यास वास्तववादी म्हणतील, की त्या सकाळी नाहीतर दुसऱ्या सकाळी, युद्ध होणारच होतं. दोन्ही काठांवर चाळीस चाळीस हजार माणसं होती. बिनतारीवाल्याला कुणी धरून बसू नये. गैरसमजाचा सिद्धांत मांडणारे म्हणतील, अकरा मिनिटं. सौद्यावाले म्हणतील, निरोप खरा होता, पण तो खरा आहे हे ओळखायची खूण त्यावर नव्हती. रचनावादी म्हणतील, बांबू बंदुकीसारखा दिसला कारण वीस वर्षं आम्हाला तिकडे बंदूकच बघायला शिकवलं होतं. पूर्णविराम. एक सिद्धांत मला सोडून देतो. दुसरा धरून ठेवतो. हे लिहू नका. नाही, लिहा. काय करावं कळत नाही."

मी 'काय करावं कळत नाही' सुद्धा लिहिलं, मग ते उत्तर नसावं असं वाटून खोडलं, आणि मग ते खोडण्याचा मला अधिकार नव्हता हे आठवून पुन्हा वर बारीक अक्षरात लिहिलं.

"म्हणून माझं मत असं, की..." काका म्हणाले आणि टेबलाची कड घट्ट धरून बसले.

मी पेन टेकवून वाट बघत राहिले. बाहेर घंटा झाली. सरांनी हात पुढे केला, पण लगेच उत्तरपत्रिका ओढून घेतली नाही. अर्धं मिनिट तसाच हात धरून उभे राहिले. काका काही बोलले नाहीत. तेव्हा मग घेतली.

दीड महिन्यानं काकूंचा फोन आला. काका पास झाले होते, शंभरात बावन्न. मी म्हटलं, पेढे कुठायत, तर म्हणाल्या, "पेढे कसले! त्यांना उत्तरपत्रिकेची छायाप्रत हवी होती, ती मागवली. आता ती वाचून दाखवायला तुम्हीच हव्यात. मला तुमचं अक्षर लागतं, पण मी वाचलं तर चालणार नाही म्हणतात."

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्यांचं. सगळं सामान भिंतीला चिकटवून ठेवलेलं, मधली वाट मोकळी. काका खिडकीशी बसले होते. मी थेट तिसरा प्रश्न काढला. तीसपैकी सतरा होते. बरोबरच्या खुणा कुठेच नव्हत्या, नुसते शेवटी आकडे. निरोपाच्या मजकुराशेजारी समासात लाल अक्षरात काहीतरी होतं.

"काय लिहिलंय?"

"'संदर्भ?' असं लिहिलंय. आणि खाली शेवटी, 'मत अपूर्ण'."

"संदर्भ?"

"हो. पुढे प्रश्नचिन्ह."

काका हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, काकू आतून धावत आल्या आणि पाठीवर थापट्या मारू लागल्या. "बरोबर आहे त्याचं," काका डोळे पुसत म्हणाले. "संदर्भ काय देणार? नोंदवही चौकीबरोबर जळली. साहेब पाचव्या दिवशी गेले. पलीकडे जो बोलत होता त्याचं नावही मला माहीत नाही. आवाज तेवढा आठवतो. सर्दी झाल्यासारखा होता." मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाले, "पण ताई, सतरा कशाचे दिले असतील? त्यानं मला गुण दिले ते वास्तववादाला की अकरा मिनिटांना?"

मी पान उलटसुलट करून बघितलं. "ते काही कळत नाही, काका."

"पुन्हा बघा. कुठे एखादी रेघ असेल."

मी पुन्हा बघितलं. एका शब्दाखाली रेघ होती, पण तिथे माझं शुद्धलेखन चुकलं होतं.

काकू मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. हातात भाजीची पिशवी होती, पण बाजार मागेच राहिला, त्या माझ्याबरोबर पुढे चालत राहिल्या.

"एक सांगू का? लग्न झालं तेव्हा ती चार मिनिटं होती."

"काय?"

"ती अकरा मिनिटं हो. पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा चार होती. मोठा मुलगा झाला तेव्हा सात. डोळे गेल्यापासून अकरा धरून बसलेत. आणि एकदा, आजारी होते तेव्हा, म्हणाले की निरोप आलाच नव्हता, मीच नंतर मनात तयार केला असेन."

मी चालायची थांबले. "मग खरं काय?"

"मला काय माहीत? मी कुठे होते तिथे? तीन-तीन तास मी त्यांना सांगते, तुमचा काही दोष नाही, तर चिडतात. मग एखाद्या दिवशी मीच वैतागून म्हणते, हो हो, तुमच्यामुळेच झालं सगळं, तर गाढ झोपतात." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "निरोप नसलाच तर मग युद्ध टाळणं कुणाच्याच हातात नव्हतं, असं होतं ना. ते त्यांना जास्त जड जातं, असं मला आपलं वाटतं. पण माझं शिक्षण काही एवढं नाही."

आईला सांगावं की नाही यावर मी आठवडा घालवला. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला सांग. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली अजिबात सांगू नकोस, आणि तू नियम मोडते आहेस, परीक्षार्थीचं उत्तर बाहेर सांगायचं नसतं. दोघांचंही पटलं. शेवटी रविवारी आईकडे गेले आणि ती एका झग्याला काज करत असताना सांगून टाकलं.

तिनं दोरा दातानं तोडला. "मग?"

"मग काही नाही. तुला सांगितलं."

"तो बोटीवर गेला," ती म्हणाली. "ती नदी कुठे, तो समुद्र कुठे. ज्यांनी ती बोट बुडवली त्यांच्याशी आपलं भांडणसुद्धा नव्हतं. ते कुणाचे तरी मित्र होते म्हणून आले होते."

"हो."

"मग या माणसाचा काय संबंध?"

"तेच तर कळत नाही ना, आई."

तिनं पुढचं काज घेतलं. मग त्याच्या पुढचं. मी चहा केला, तो तिनं निववून प्यायला, आणि मी निघताना चपला घालत होते तेव्हा आतून म्हणाली, "मला एकदा बघायचंय त्याला. तू काही बोलू नकोस, मी बघून घेईन."

मला भीती वाटली. बहात्तर वर्षांची बाई, पण जीभ अजून कात्रीसारखी. काकूंना फोन करून मी सगळं आधीच सांगितलं, मामाचंही. त्या म्हणाल्या, "आणा. पण त्यांना मी सांगणार नाही. सांगितलं तर चार दिवस आधीपासून जेवायचे नाहीत."

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती, का ते तिलाच ठाऊक. काकांना वाटलं माझी आई सहज आली आहे. त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, गुडघे दुखतात का विचारलं. आईनं दोन्ही गुडघ्यांचं सांगितलं. चहा आला. आईनं कप हातात घेतला आणि म्हणाली, "माझा भाऊ त्या युद्धात गेला."

काकांनी कप बशीत ठेवला. तो बशीच्या कडेवर टेकला आणि चहा त्यांच्या पॅन्टवर सांडला. काकू फडकं घेऊन उठल्या, त्यांना काकांनी हातानं थांबवलं.

"कधी?"

"दुसऱ्या वर्षी. बोटीवर होता. वीस वर्षांचा."

"कुठल्या समुद्रात?"

आईनं सांगितलं.

"म्हणजे दक्षिणेकडची आघाडी," काका भरभर बोलू लागले. "ती तहामुळे उघडली. एकावर हल्ला झाला तर तो सगळ्यांवर, असं कलम होतं. वास्तविक ते कलम युद्ध टाळण्यासाठी घातलं होतं. कुणी हल्ला करायला धजू नये म्हणून. पण सिद्धांतात असं म्हटलंय की अशा साखळीमुळे लहान भांडणसुद्धा..." ते बोलत राहिले. आई पुढे वाकून ऐकत होती, मान हलवत होती. शाळेत पालकसभेला बसायची तशी बसली होती. बऱ्याच वेळानं काका थांबले.

"मला काही कळलं नाही," आई म्हणाली. "पण सांगा तुम्ही."

"मलाही कळलेलं नाही हो," काका म्हणाले. "मी नुसता पास झालोय."

मी काकूंकडे बघितलं, काकू फडक्याच्या घड्या घालत होत्या. माझ्या मनात आलं, आता आई विचारेल, अकरा मिनिटं काय करत होतात. मी तिला थांबवायची तयारी करून बसले.

आई म्हणाली, "ती नाव निघाली का हो?"

"कुठली?"

"पलीकडच्यांची. अडकलेली."

काकांनी चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेनं वळवला. त्यांचं तोंड जरा उघडं राहिलं होतं. "माहीत नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही कधी. चौकशी झाली तेव्हासुद्धा नाही. मीही..." त्यांनी कपाळ चोळलं. "रिकामी होती की कुणी बसलं होतं तिच्यात, तेही माहीत नाही."

"असेल तशीच मग," आई म्हणाली आणि चहा संपवला.

निघताना तिनं काकूंना विचारलं की डोळ्यांत थेंब अजून घालता का, आणि म्हणाली, सोलापुरी चादरीसारखे जाड पडदे खिडकीला कशाला, पातळ लावा, हवा येईल. काकूंनी तिला वाकून नमस्कार केला. काका दारापर्यंत आले, चौकटीला हात लावून उभे राहिले. आईनंच त्यांच्या दंडावर हात ठेवला, किंवा ढकलल्यासारखं केलं. मी मागे होते, मला नीट दिसलं नाही.

बसथांब्यावर ऊन होतं. आईनं पदर डोक्यावर घेतला. मी वाट बघत होते की ती रडेल, चिडेल, निदान काहीतरी म्हणेल. दोन बस आमच्या नव्हत्या, त्या गेल्या.

"काय वाटलं?" मी शेवटी विचारलं.

"मला वाटलं होतं माणूस जरा मोठा असेल," आई म्हणाली.

"मोठा म्हणजे?"

"अंगानं गं. उंच, थोराड. कसा काडीसारखा आहे. मनगटं बघितलीस?" ती रस्त्याकडे बघत होती. "एवढ्याशा माणसावर कसं काय रागवायचं?"

"मग राग गेला का?"

"गेला कुठे? आहे ना. कुठे ठेवायचा ते कळत नाहीये."

आमची बस आली. तिला खिडकीची जागा हवी होती, ती मिळाली नाही, आणि घर येईपर्यंत ती त्याबद्दल कंडक्टरशी भांडत होती.